आपले सरकार पोर्टल आणि सेवा केंद्र: अर्ज कुठे अडतो, कसा सुटतो

महसूल खात्याचा दाखला काढायला तहसील कचेरीत खेटे घालायची गरज राहिलेली नाही, हे आता गावोगावी माहीत झालंय. पण ऑनलाइन भरलेला अर्ज कोणाच्या टेबलावर जातो, तिथे का थांबतो आणि थांबलाच तर हलवायचा कसा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. महाराष्ट्र शासनाचं 'आपले सरकार' पोर्टल आणि त्याला जोडलेली सेवा केंद्रं यांचं हे परीक्षण त्याच प्रश्नांसाठी आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: अर्ज स्वीकारणं आणि तारखेसह पोच देणं, ही दोन कामं पोर्टल चोख करतं. अर्जदाराला वाट दाखवण्यात मात्र ते कमी पडतं. पाचपैकी साडेतीन गुण द्यायला हरकत नाही, आणि त्यातला मोठा वाटा त्या पोचपावतीचा आहे.

पोचपावतीला एवढं महत्त्व का, तर तिच्यामागे कायदा उभा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला तीन गोष्टी ठरवून दिलेल्या आहेत: किती दिवसांत द्यायची, कोणी द्यायची (त्याला 'पदनिर्देशित अधिकारी' म्हणतात) आणि नाही दिली तर अपील कोणाकडे करायचं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवस आहे. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्राचीही तेवढीच. हा तक्ता पोर्टलवर प्रत्येक सेवेसमोर दिसतो आणि प्रत्येक कार्यालयाने तो फलकावर लावणं बंधनकारक आहे. अर्ज भरायच्या आधी त्या ओळीचा फोनवर फोटो काढून ठेवा. पुढे अपिलाची वेळ आली तर नेमकी तीच ओळ शोधावी लागते.

कायद्यातली आणखी एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. एखादा कागद कमी असेल किंवा वाचता येत नसेल, तर तुमचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं आणि तुम्ही मात्र दिवस मोजत बसलेले असता. म्हणून खरी मेहनत 'सादर करा' हे बटण दाबायच्या आधीची आहे.

खातं आणि अपलोड

खातं उघडायचे दोन मार्ग आहेत. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून सरळ नोंदणी करता येते, किंवा फोटो, ओळखीचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा जोडून पूर्ण प्रोफाइल तयार करता येतं. वर्षातून दोन-तीन वेळा दाखले लागणार असतील, घरात शिकणारी मुलं असतील, तर दुसरा मार्ग सोयीचा. लॉगिन करताना जिल्हा निवडावा लागतो. तिथे राहता तो जिल्हा आणि अर्ज जिथे करायचा तो जिल्हा यांची गल्लत होऊ देऊ नका. जातीच्या दाखल्यात ही गल्लत फार महागात पडते, त्याबद्दल पुढे सांगतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते फोटो आणि कागदपत्रांच्या आकारात. फोटोची रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२ पिक्सेल आणि फाइल ५ ते २० केबी हवी. कागदपत्रांची फाइल ७५ ते ५०० केबीच्या दरम्यान. कागदाचा मोबाइलने काढलेला साधा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो चालत नाही. मग लोक तो एखाद्या वेबसाइटवर दाबून दाबून ४० केबीवर आणतात. तोही चालत नाही, कारण खालचीही मर्यादा आहे. आणि चुकून चाललाच तर शिधापत्रिकेवरची हाताने लिहिलेली नावं कारकुनाला वाचता येत नाहीत आणि अर्ज त्रुटीत परत येतो.

यावर सोपा उपाय म्हणजे स्कॅनरवर किंवा मोबाइलच्या स्कॅन ॲपमध्ये १५० डीपीआय, ग्रेस्केल ठेवून स्कॅन करणं. ए-४ पान साधारण २०० ते ४०० केबीत बसतं आणि अक्षर स्वच्छ राहतं. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घ्या. सातबारा आणि आठ-अ असे दोन उतारे एकाच रकान्यात जोडायचे असतील, तर त्यांची एक पीडीएफ करा. एकच फाइल चढवली आणि दुसरी राहिली, हे अर्ज परत येण्याचं अगदी नेहमीचं कारण. शिधापत्रिकेचं पहिलं पान आणि सदस्यांच्या नावांचं पान, दोन्ही लागतात. पत्ता एका पानावर असतो आणि नातं दुसऱ्यावर.

नाव इंग्रजीत टाइप केलं की शेजारच्या चौकटीत मराठीत आपोआप उमटतं. ते जसंच्या तसं सोडू नका. 'दीपाली'चं 'दिपाली', 'साठे'चं 'साथे' झालेलं असतं आणि दाखल्यावर तेच छापून येतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जसं नाव आहे, अगदी तसंच लिहा. कारण हा दाखला पुढे शिष्यवृत्तीला, प्रवेशाला, जात पडताळणीला जोडला जातो आणि तिथे ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकासाठीही शपथपत्र मागितलं जाऊ शकतं. चुकलेला दाखला दुरुस्त करून घेण्यापेक्षा नवा अर्ज करणं बहुतेकदा लवकर होतं.

पैसे भरताना व्यवहार मध्येच तुटला आणि खात्यातून रक्कम गेली, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात व्यवहारांची नोंद तपासा. अनेकदा रक्कम जमा झालेली असते, फक्त पावतीचं पान उघडलेलं नसतं.

उत्पन्नाचा दाखला, जरा सविस्तर

सगळ्यात जास्त मागणी याच दाखल्याला आहे, म्हणून इथे थोडं थांबू या.

पहिली चूक अर्जदाराच्या रकान्यात होते. विद्यार्थी स्वतःच्या नावाने अर्ज करतो आणि उत्पन्न शून्य लिहितो. दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. म्हणून अर्जदार वडील किंवा आई, लाभार्थी मुलगा किंवा मुलगी, आणि दोघांचं नातं त्या रकान्यात, असं भरायचं. आई-वडील दोघेही कमावते असतील तर दोघांचं उत्पन्न दाखवा. एकाचं लपवलेलं असलं तर चौकशीत सहज बाहेर येतं, आणि स्वयंघोषणापत्रावर सही तुमची असते.

दुसरी चूक वर्षांची. शिष्यवृत्तीला सहसा एका वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला चालतो. नॉन-क्रिमीलेअर (कुटुंबाचं उत्पन्न आरक्षणासाठीच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) काढायचं असेल तर तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. एका वर्षाचा दाखला हातात घेऊन नॉन-क्रिमीलेअरच्या रांगेत उभं राहिलेले पालक दर जूनमध्ये दिसतात. त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि प्रवेशाची तारीख तोवर निघून जाते.

तिसरी गोष्ट वैधतेची. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, ३१ मार्चला त्याची वैधता संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनच्या प्रवेशाला उपयोगी पडणार नाही. नव्या आर्थिक वर्षाचा अर्ज एप्रिल-मेमध्ये टाका. दहावी-बारावीच्या निकालानंतर तहसील कार्यालयात अर्जांचा ढीग पडतो आणि १५ दिवसांची मुदत पाळणं कार्यालयालाही जड जातं. नोकरदारांना फॉर्म १६ हातात यायला जूनचा मध्य उजाडतो. तोवर थांबायचं नसेल तर मागच्या वर्षाचं आयकर विवरणपत्र किंवा वेतनाचा दाखला जोडून चालतो का, हे कार्यालयात आधी विचारून घ्या.

पुरावा कोणता जोडायचा, ते तुम्ही काय करता यावर ठरतं. नोकरदाराला फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र, निवृत्तिवेतनधारकाला बँकेचं प्रमाणपत्र, शेतकऱ्याला सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल. मजुरी करणारे, घरकाम करणारे, हातगाडीवाले यांच्याकडे कागदी पुरावा नसतो, त्यांचंही सगळं तलाठ्याच्या अहवालावर अवलंबून. २०२४ पासून तलाठ्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे, पण सज्जावर जाऊन विचारताना तलाठीच म्हणा, कोणालाही कळेल. हा अहवाल अर्ज भरायच्या आधी हातात घ्या. अर्ज टाकून मग अहवालासाठी धावपळ केली तर त्रुटी पडलीच म्हणून समजा. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावं असतात, त्यामुळे कुठल्या वारी कुठल्या गावी बसतात हे ग्रामपंचायतीत विचारूनच जा.

आता स्टॅम्प पेपरबद्दल, कारण इथे सामान्य माणसाचे पैसे विनाकारण जातात. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे. २०१५ मध्ये शासनाने त्याही पुढे जाऊन बहुतेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती चालतील, असा निर्णय घेतला. २०२४ मध्ये किमान मुद्रांक १०० वरून ५०० रुपये झाल्यावर पुन्हा गोंधळ उडाला आणि २०२५ मध्ये महसूल विभागाला सांगावं लागलं की जात, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास यांसारख्या दाखल्यांसाठी हा मुद्रांक लागत नाही. तरीही कोणी ५०० चा पेपर आणायला सांगितलं तर 'लेखी द्या' एवढंच शांतपणे म्हणा. स्वयंघोषणापत्राचा नमुना पोर्टलवरच आहे. त्यावर फोटो लावा, सही करा आणि तारीख टाकायला विसरू नका.

अधिवास आणि जातीचा दाखला

'रहिवासी दाखला' आणि 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाविद्यालयीन प्रवेशाला दुसरं लागतं. केंद्रचालकाला नुसतं 'रहिवासी काढायचाय' असं सांगितलं तर पहिलाच निघतो. अधिवासासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि अर्ज अडतो तो मधल्या खंडामुळे. पहिली ते दहावी एका शाळेत झाली असेल तर त्या शाळेचा बोनाफाइड आणि पुढच्या वर्षांसाठी कॉलेजचा, म्हणजे प्रश्न मिटला. शाळा बदललेली असेल तर प्रत्येक शाळेचा कागद क्रमाने लावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना वीजबिल मालकाच्या नावाचं असल्याने अडचण येते. तिथे वडिलांचं मतदार यादीतलं नाव, नोंदणीकृत भाडेकरार आणि शिधापत्रिका मिळून साखळी पूर्ण करता येते.

जातीच्या दाखल्यात मुख्य प्रश्न कागदांचा असतोच, पण त्याआधी ठिकाण आणि तारीख ठरवावी लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग व विशेष मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या दिवशी तुमचे वाडवडील जिथे कायम राहत होते, तिथल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहसा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. कुटुंब ३० वर्षांपासून पुण्यात असलं आणि १९६७ साली आजोबा आजच्या लातूर जिल्ह्यातल्या गावात असले, तर पहिला दाखला लातूर जिल्ह्यातून. पुण्यातून भरलेला अर्ज फेटाळला जातो आणि लोकांना वाटतं पुरावा कमी पडला. वडिलांचा किंवा सख्ख्या भावाचा दाखला असेल, त्यातही जात पडताळणी झाल्याचं वैधता प्रमाणपत्र असेल, तर काम पुष्कळ हलकं होतं.

त्या तारखांच्या आधीचा पुरावा मिळवायला गावातल्या शाळेचं जनरल रजिस्टर ही पहिली जागा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधावी. महसूल विभागाने जुने अभिलेख स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर टाकले आहेत. गावाला जायच्या आधी तिथे शोधून पाहिलं तर एक हेलपाटा वाचू शकतो. वंशावळ लिहिताना आजोबांच्या भावंडांची नावंही लिहा, कारण जुना पुरावा पुष्कळदा चुलत आजोबांच्या नावावर सापडतो आणि वंशावळीत ते नाव नसेल तर तो जोडता येत नाही.

जातीचा दाखला मिळाला म्हणजे जात पडताळणी झाली असं नाही. पडताळणी वेगळी समिती करते, तिचा अर्ज वेगळ्या संकेतस्थळावर होतो आणि त्याला वेळ लागतो. बारावी विज्ञानचा विद्यार्थी असेल तर अकरावीतच कॉलेजमार्फत तो अर्ज टाकून ठेवा.

सेवा केंद्रावर जायचं असेल तर

ज्यांच्याकडे संगणक नाही किंवा अपलोडची कटकट नको आहे, त्यांच्यासाठी केंद्र हाच मार्ग, आणि तो वाईट नाही. चांगला केंद्रचालक कागद बघूनच सांगतो की हा अर्ज परत येईल. हे ज्ञान पोर्टलवर कुठेही लिहिलेलं नाही. २०२५ मध्ये केंद्राचं सेवा शुल्क २० वरून ५० रुपये झालं. त्यावर जीएसटी आणि अर्जाचं शासकीय शुल्क धरून जी रक्कम होते, ती पावतीवर छापलेली असते. पावतीवर आहे तेवढंच द्यायचं. झेरॉक्स आणि स्कॅनिंगचे पैसे वेगळे असू शकतात, पण ते वेगळे सांगायला हवेत. 'तातडीचा दाखला' अशी कुठलीही सशुल्क सोय शासनाने केलेली नाही. दोन दिवसांत काढून देतो म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला नाही म्हणा. केंद्राचा फलक, केंद्राचा क्रमांक आणि दरपत्रक भिंतीवर असणं आवश्यक आहे. नसेल तर ते अधिकृत केंद्र आहे का, हे तहसील कार्यालयात विचारून घ्या. जादा पैशांची तक्रार तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या, अशा केंद्रांचं काम बघणाऱ्या सेतू शाखेकडे लेखी करता येते, पावतीची प्रत जोडून.

केंद्रावर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. अर्जात मोबाइल क्रमांक कोणाचा टाकला जातोय? घाईच्या दिवसांत केंद्रचालक स्वतःचाच नंबर टाकतात, कारण ओटीपी लवकर मिळतो. मग त्रुटीचा संदेश त्यांच्या फोनवर जातो, शंभर संदेशांत हरवतो आणि तुम्ही मुदत संपेपर्यंत वाट बघत राहता. नंबर स्वतःचा द्या, ओटीपी स्वतः वाचून सांगा, पावतीवरचा अर्ज क्रमांक घरी येऊन पोर्टलच्या 'अर्जाचा मागोवा' या चौकटीत टाकून पाहा. अर्ज त्रुटीत परत आला असेल तर तिथे दिसतं. तो नव्याने भरायचा नसतो, सांगितलेला कागद जोडून त्याच क्रमांकावर पुन्हा पाठवायचा असतो. काही केंद्रं नवा अर्ज भरून नवं शुल्क घेतात. अर्ज नुसता त्रुटीसाठी आलाय की फेटाळलाय, हे आधी बघा.

दाखला डिजिटल सहीचा असतो. पीडीएफ उघडल्यावर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून घाबरू नका. संगणकावर सही पडताळून घेतली की हिरवी खूण येते. त्यावर पुन्हा तहसीलचा गोल शिक्का मारून आणण्याची गरज नाही. पडताळणी पोर्टलवर क्रमांक टाकून कोणालाही करता येते, कॉलेजच्या क्लार्कलाही.

मुदत उलटली तर

इथे बहुतेक लोक कोणाची तरी ओळख शोधायला लागतात. त्याऐवजी प्रथम अपील करा. मुदत संपल्यापासून किंवा अर्ज फेटाळल्यापासून ३० दिवसांच्या आत ते करायचं असतं, पोर्टलवरूनच करता येतं. अर्ज फेटाळला असेल तर कारण लेखी द्यायचं बंधन अधिकाऱ्यावर आहे. 'कागदपत्रे अपूर्ण' एवढंच लिहिलं असेल तर नेमका कुठला कागद हे विचारा आणि अपिलात तोच मुद्दा मांडा. पहिल्या अपिलात समाधान झालं नाही तर आणखी ३० दिवसांत द्वितीय अपील, आणि त्यानंतर ६० दिवसांत महाराष्ट्र राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंडापर्यंत जायची वेळ क्वचित येते. अपील दाखल झालं की फाइल वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर येते, आणि अडलेल्या बऱ्याचशा अर्जांना तेवढंच पुरतं.

अपिलात लांबलचक कैफियत नको. अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, सेवेची मुदत, मुदत संपल्याची तारीख आणि 'सेवा मिळाली नाही' हे पाच तपशील चार ओळींत मावतात.

'आपले सरकार' याच नावाचं तक्रार निवारणाचं वेगळं संकेतस्थळ आहे, आणि दोघांची सरमिसळ सतत होते. रस्ता, पाणी, बंद पथदिवे, कार्यालयाची वागणूक यांच्या तक्रारी तिथे. दाखल्याची मुदत उलटली असेल तर तिथे तक्रार टाकून थांबू नका. अपिलाचे ३० दिवस तिकडच्या उत्तराची वाट बघण्यात निघून जातात.

जे या पोर्टलवर शोधून सापडत नाही

सातबारा 'महाभूमी'च्या संकेतस्थळावर मिळतो. मोफत दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी, तो कुठल्याही शासकीय कामाला चालत नाही. १५ रुपये भरून डिजिटल सहीचा घ्यावा, तो बँकेत आणि न्यायालयातही चालतो. शहरातल्या सिटी सर्व्हेच्या जागेला सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं. गट क्रमांक टाकून काहीच सापडत नसेल तर आधी ही शंका घ्या. शिधापत्रिकेत नाव घालणं-कमी करणं अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या स्वतंत्र प्रणालीवर होतं. जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणून बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद लगेच करा, नाव नंतर घालता येतं.

आरोग्याच्या सेवांसाठीही लोक याच पोर्टलवर शोध घेतात आणि रिकाम्या हाताने परततात. नंबर लक्षात ठेवावेत ते असे: अपघात किंवा तातडीच्या रुग्णासाठी १०८, गरोदर माता आणि तान्ह्या बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२, मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी १४४१६, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७. १०८ ला फोन केल्यावर गावाचं नाव सांगून थांबू नका. महाराष्ट्रात एकाच नावाची कितीतरी गावं आहेत. तालुका, मोठा रस्ता, किलोमीटरचा दगड किंवा देऊळ-शाळा अशी खूण आणि रुग्ण शुद्धीवर आहे का, हे सांगा. फोन चालू ठेवा, चालक रस्ता विचारायला परत फोन करतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते यादीतल्या उपचारांसाठी, संलग्न रुग्णालयात आणि दाखल झाल्यावर. ओपीडीची औषधं आणि तपासण्या यात धरू नका. रुग्णालयात शिरताच कॅश काउंटरवर न जाता 'आरोग्यमित्र' (योजनेचे रुग्णालयातले मदतनीस) कुठे बसतात ते विचारा आणि शिधापत्रिका, ओळखपत्र दाखवा. आगाऊ रक्कम भरल्यावर योजनेची आठवण झाली तर ती परत मिळवणं फार अवघड जातं. रुग्णालय संलग्न आहे, पण तो विशिष्ट उपचार तिथे योजनेत आहे का, हे १५५३८८ वर विचारून मगच रुग्णाला हलवा.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी धर्मादाय रुग्णालयांचा पर्याय आहे. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक खाली या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते, आणि घरात कोणी दीर्घकाळ आजारी असेल तर हा दाखला दर एप्रिलमध्ये काढून ठेवणं इष्ट, कारण रुग्ण दाखल असताना तलाठ्याच्या अहवालासाठी कोणाला पाठवायचं हा प्रश्न पडतो. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. खाटा शिल्लक नाहीत असं उत्तर आलं तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयनिहाय खाटांची स्थिती दिसते, ती बघून त्याच अर्जाची प्रत धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात द्यावी. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणं आणि त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणं या रुग्णालयांवर बंधनकारक आहे. दाखला आणि अर्ज त्यानंतर दिले तरी चालतात.